कडक इस्त्रीची ओढणी

केडगाव,
२३ जून २०२४

चि. सौ. मोनिका,

आशीर्वाद. तुझी लेक सुखरूप आहे, पोटभर जेवते आहे आणि आत्ता माझ्यासमोर बसून पेन्सिलीला टोक काढते आहे. मघापासून तेच चाललंय. पेन्सिल संपेल, पण धनश्रीचं टोक काही व्हायचं नाही.

फोन सोडून आत्याबाई पत्र का लिहितात, असं तुला वाटेल. फोन अंगदच्या खिशात, अंगद धरणावर पर्यटकांच्या मागे, आणि तुमच्या वाडीत रेंज येते ती देवाच्या मनात आलं तर. लागलाच फोन, तर माझा भाऊ 'समदं ठीक ना? मग ठिवतो' म्हणून मोकळा होतो. आपल्या दोघींचं बोलणं त्याच्या खिशातून कशाला जायला हवं? पोस्टमन तुमच्या दारापर्यंत येतो, तेवढं पुरे.

नववी सुरू झाली. शाळा चालत जाण्याजोगी आहे. मी सकाळी कंपनीच्या बसने सुप्याला जाते, ती नंतर कुलूप लावून निघते. पहिल्याच दिवशी कुलूप लावलं आणि किल्ली घरात. मग डबा राहिला, मग कंपास, आणि एकदा तर दप्तरच. दप्तर न घेता शाळेत पोहोचलेली मुलगी मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. रागवायला गेले आणि हसू आलं.

पण तू घोर लावून घेऊ नकोस. मी कंपनीच्या स्टोअरची इनचार्ज आहे. माझ्या रॅकवरचा एक वॉशर इकडचा तिकडे होत नाही, तिथे ही एवढीशी पोर कुठे जाते? तिच्या कपाटाला लेबलं लावलीत, वह्यांना विषयवार रंगीत कव्हरं घातलीत, दप्तर संध्याकाळी मी स्वतः भरते. हे गेल्यापासून घर नुसतं नीटनेटकं होतं, आता त्याला काहीतरी काम मिळालं.

एक खोड मात्र विचित्र आहे. शाळेच्या पांढऱ्या ओढणीच्या टोकांना ती गाठी मारत बसते. घरी येते तेव्हा दोन्ही टोकांची बोचकी झालेली असतात. मी रोज त्या सोडवते, ओढणीला कडक इस्त्री करते आणि हँगरला लावते. माझ्या घरातून पोर चुरगळलेली बाहेर पडणार नाही.

अंगदने सोडताना काय बजावलं ते तुझ्यासमोरच झालं. सहामाहीत एक जरी विषय राहिला तर पोर परत, पर्यटकांचे तंबू झाडायला, आणि पुढे स्थळं बघायला. मी असताना तसं व्हायचं नाही.

तुझी,
पंकजाताई


शेंडीजवळची वाडी,
१४ जुलै २०२४

ती. पंकजाताईंना मोनिकाचा नमस्कार.

पत्र मिळालं. वाचलं, परत वाचलं, तेवढ्यात भात लागल्याचा वास आला म्हणून उठले, आणि मग पत्र कुठं ठेवलं ते सापडेना. फडताळात मिठाच्या बरणीमागं निघालं. म्हणून उत्तराला उशीर झाला. राग मानू नका.

इकडं शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. तंबू सगळे भरलेले असतात. परवा पुण्याच्या पाहुण्यांनी पिठलं सांगितलं होतं आणि मी कोंबडी शिजवून बसले. हे माझ्यावर असे भडकले! पाहुणे मात्र खूश झाले, म्हणाले, पिठलं उद्या चालेल. देवच पाठीशी होता. शेजारच्या कडूबाईची म्हैस व्याली, खरवस झाला होता, धनूची आठवण आली. ती खरवसाचा नुसता वरचा थर खाते, तुम्हाला माहीत असेल.

तुमची लेबलं आणि कव्हरं वाचून जीव भरून आला. मला ते सात जन्मात जमलं नसतं. पोर चांगल्या हातात पडली.

ओढणीचं वाचलं. तुम्ही दमून येता, रोजच्या रोज कशाला इस्त्री करत बसता? शाळेचीच तर ओढणी. असल्या गाठी तर असू द्या तशाच. उगाच तुमच्या हाताला काम.

अजून एक सांगायचं होतं, महत्त्वाचं होतं. आता लिहायला बसले तर जमत नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

तुमची,
मोनिका

ता. क. इंद्रायणीचा तांदूळ पाठवते म्हणाले होते. पिशवी भरून दाराशी ठेवली आणि एसटी निघून गेली. पिशवी अजून दाराशीच आहे.


केडगाव,
१८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मोनिका,

इस्त्रीचं काय घेऊन बसलीस? गाणं गुणगुणत होतं ते काम. तुझा संकोच कळतो, पण भाची माझी आहे, तिची ओढणी मला जड नाही.

आता मुद्द्याचं. हे पत्र वाचून झाल्यावर अंगदच्या नजरेला पडू देऊ नकोस.

शाळेतून बोलावणं आलं होतं. धनूच्या वर्गशिक्षिका रोहिणी मॅडम तरुण आहेत, पण पोरांकडे बघतात त्या. मला म्हणाल्या, पोर हुशार आहे, प्रश्न विचारला तर असं उत्तर देते की बाकीची वळून बघतात. पण गृहपाठ कोरा, प्रयोगवही अर्धी, पेपरात शेवटचे प्रश्न सोडलेले. त्यांच्या सांगण्यावरून तुला न विचारताच मी तिला नगरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुन्हा पुन्हा बोलावलं, तिच्याकडून काय काय करून घेतलं, मलाही पुष्कळ विचारलं. शेवटी म्हणाले, एडीएचडी आहे. म्हणजे डोकं चांगलं शाबूत, पण लक्ष एका जागी ठरत नाही, आणि ऐकलेलं हातात धरून ठेवता येत नाही. आळस नाही, उनाडपणा नाही. हे ऐकून मला तिला मारलेल्या हाका आठवल्या. 'आळशी' म्हणूनच मारल्या होत्या सगळ्या.

रोहिणी मॅडमनी शाळेत काय करता येईल ते सांगितलं. पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवायचं. वर्गात तोंडी सूचना दिली की तीच चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात द्यायची. मोठा गृहपाठ तुकडे करून द्यायचा. पेपराला थोडा जास्त वेळ. मधूनच उठून फळा पुसायची मुभा, म्हणजे पाय मोकळे होतील. घरून संमतीचं पत्र दिलं की मुख्याध्यापकांची सही त्या घेतील.

मी नको म्हणाले.

का ते सांगते. तिला रोज वेगळी चिठ्ठी मिळायला लागली की वर्गातल्या पोरी बोट दाखवणार. त्यातली एखादी कुठल्यातरी नात्यातली निघणार, आणि आठवड्याच्या आत अंगदच्या कानावर जाणार की पोरीच्या डोक्यात काहीतरी आहे. तो त्याच दिवशी गाडी घेऊन येईल. मी मॅडमना म्हटलं, घरी मी खंबीर आहे.

त्यावर त्या काय म्हणाल्या माहीत आहे? 'ताई, शाळा सुटताना तिला बरंचसं लक्षात असतं. मी विचारते तेव्हा ओढणी चाचपते आणि सांगते. सकाळी मात्र पाटी कोरी. घरी काय होतं?' मला राग आला. घरी काय होतं म्हणजे? मी काय पोरीचं डोकं धुऊन पाठवते?

तुझी,
पंकजाताई


शेंडीजवळची वाडी,
८ सप्टेंबर २०२४

ती. पंकजाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून त्या दिवशी भाकरी करताना हात भाजला. डॉक्टर काही म्हणाले का हो, हे असं कुठून येतं? आईकडून येतं का? मी विचारलं असं त्यांना सांगू नका, पण विचारून घ्या.

ती लहान असताना मला कधी काही वाटलंच नाही. ती विसरायची, मीही विसरायचे. दोघी मिळून शोधायचो आणि सापडलं की हसायचो. हे ओरडायचे, तर आम्ही एकमेकींकडे बघून गप्प बसायचो. मला वाटायचं, आमच्या घरातल्या बायका अशाच असतात.

तुम्ही नको म्हणालात ते बरंच केलंत. लिहिते तसं, पण खरंच बरं झालं का ते मला कळत नाही. बाकीचं राहू द्या, पण ती चिठ्ठी घ्यायला हवी होती, ताई. चिठ्ठीचं मला पटलं होतं.

मॅडम ओढणीचं म्हणाल्या ना, त्याबद्दल मला तुम्हाला एक

पाहुणे आले म्हणून उठले होते. आता दोन दिवसांनी परत लिहायला बसले आहे. वर काय लिहीत होते ते वाचलं. जाऊ द्या. तुमचं घर आहे, तुमची शिस्त आहे, माझ्या पोरीचं त्यात भलंच आहे.

सहामाहीचे पेपर कधी आहेत ते कळवा. मी इथल्या देवीला नारळ बोलले आहे.

तुमची,
मोनिका

ता. क. तांदूळ या वेळी नक्की एसटीत ठेवला. पोहोचला का?


केडगाव,
२० ऑक्टोबर २०२४

मोनिका,

तांदूळ पोहोचला. त्याचा भात माझ्या घशाखाली उतरत नाही.

धनूचा विज्ञानाचा पेपर बुडाला. झालं ते जसंच्या तसं लिहिते.

वेळापत्रकात विज्ञानाचा पेपर दुपारचा होता. मी ते दारामागे चिकटवलं होतं, लाल पेनने चौकट करून. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला वर्गात सांगितलं गेलं की शाळेत दुपारी सभा आहे, तर उद्याचा पेपर सकाळी होईल. तोंडी सांगितलं. सगळ्या पोरींनी ऐकलं, धनूनेही ऐकलं. ती घरी आली, मी तिच्या ओढणीच्या गाठी सोडवल्या, कडक इस्त्री केली, हँगरला लावली.

सकाळी मी बसने सुप्याला गेले. ती उठली, माझा दारामागचा कागद बघितला आणि अभ्यासाला बसली. तिने एवढ्या मन लावून अभ्यास केला होता, मोनिका, आकृत्या काढून काढून पाठ केल्या होत्या. दुपारी नीट आवरून शाळेत गेली, तेव्हा वर्गातून खुर्च्या हलवत होते.

मला रोहिणी मॅडमचा फोन आला. मी सुट्टी टाकून आले. ती ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती. ओढणीचं एक टोक हातात घेऊन त्यावरून बोटं फिरवत होती, मग दुसरं टोक. रडत नव्हती. मी विचारलं, 'अगं, तुला काल सांगितलं होतं ना वर्गात?' ती म्हणाली, 'व्हय. पन गाठ न्हवती ना, आत्या.'

तेव्हा मला कळलं. मॅडमना माझ्या आधी कळलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

उजवं टोक शाळेचं, डावं घरचं. मोठी गाठ म्हणजे उद्याच करायचं, बारीक गाठ म्हणजे सवडीने. सकाळी ओढणी घेताना हाताला गाठ लागली की तिला सगळं आठवतं. हे तिने मला त्या बाकावर बसून शिकवलं, एखाद्या लहान मुलीला शिकवावं तसं. जूनपासून रोज संध्याकाळी मी तिचा सगळा दिवस सोडवून सपाट करत होते, आणि वर तुला कौतुकाने लिहीत होते. तिला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? तर म्हणते, 'तू एवडं करती माज्यासाटी. आन आई सांगू नको म्हन्ली हुती.'

मोनिका, तुला माहीत होतं. जुलैत तू लिहिलंस, असू द्या गाठी. सप्टेंबरात वाक्य अर्धं टाकून उठलीस. मी ते पत्र पुन्हा काढून वाचलं. एक ओळ लिहायला तुला काय झालं होतं? हे विचारताना मला माझीच लाज वाटते, कारण चिठ्ठीला नको म्हणणारी मी. ती चिठ्ठी घेतली असती तर गाठ असो नसो, पोर सकाळी शाळेत असती. पण तरी विचारते.

शाळेने अंगदला फोन केला. तो पुढच्या रविवारी तिला न्यायला येतोय. पुस्तकं बांधून ठेव म्हणालाय.

पंकजा


शेंडीजवळची वाडी,
२३ ऑक्टोबर २०२४

ती. पंकजाताई,

या वेळी पत्र लगेच लिहिते आहे आणि संपेपर्यंत उठणार नाही. चुलीवर काही ठेवलेलं नाही.

मला माहीत होतं. तुमचं पहिलं पत्र वाचलं त्याच दिवशी कळलं की तुम्ही पोरीच्या गाठी सोडवता आहात. तिला मीच शिकवलं ते. मी पदराला मारते, माझी आई मारायची. मीठ आणायचं, पाहुण्यांचा हिशोब सांगायचा, शेळीला पाणी पाजायचं. सगळा दिवस पदरात बांधलेला असतो.

लग्न होऊन आले त्या वर्षी तुम्ही माहेरपणाला आला होतात. माझा पदर बघून तुम्ही म्हणालात, 'काय गं, बाजार बांधून फिरतेस काय?' सगळे हसले. तुमच्या मनात वाईट नव्हतं, तुम्हाला ते आठवतही नसेल. पण तेव्हापासून मी गाठीचं टोक कमरेला आत खोचते. धनूला तुमच्याकडे सोडताना मी तिला म्हणाले, आत्याला सांगू नको, ती शहरातली आहे, गावंढळ म्हणेल. मला माझी लाज झाकायची होती. ती मी पोरीच्या गळ्यात बांधून पाठवली.

मला वाटलं होतं, इस्त्री नको म्हटलं की तुम्ही थांबाल. स्पष्ट लिहायचं तर मी पण तशीच आहे असं लिहावं लागलं असतं. ते मला लिहवलं नाही. तुम्ही चिडून विचारलंत ते बरोबर आहे. आईला माहीत असून आई गप्प बसली, याला मी काय नाव देऊ?

काल यांना सगळं सांगितलं. डॉक्टरचं, शाळेचं, तुमचं, माझं. हे म्हणाले, 'पोरीच्या डोक्यात खोट हाय तर शाळंत ठिऊन उपेग काय?' मी पदर कमरेतून काढला आणि यांच्या हातात दिला. म्हटलं, मोजा. ही खोट तुमी पंधरा वर्सं वागवताय. तिला परत आणायचं तर आदी मला माहेरी धाडा. हे पदर हातात धरून बसले. मग एक गाठ दाखवून म्हणाले, 'ही कशाची?' मी म्हटलं, तुमच्या बीपीच्या गोळीची.

हे रविवारी येतील. काय ठरवून येतील ते मला माहीत नाही. तुम्ही त्यांना एकट्याला पुस्तकं देऊ नका. आधी मॅडमकडे न्या.

मोनिका


केडगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मोनिका,

अंगदने दिवाळीत तुला सांगितलं असेलच, पण तो सांगणार म्हणजे 'झालं समदं नीट'. म्हणून मी लिहिते.

त्या रविवारी मी त्याला चहासुद्धा न देता रोहिणी मॅडमच्या घरी घेऊन गेले. तो दारातच म्हणाला, 'मॅडम, सवलत घेतली म्हंजी पोरगी अधू ठरनार का?' मॅडमनी त्याला विचारलं, तुम्ही तंबूचा धंदा करता ना? खडकावर तंबू कसा उभा करता? तो म्हणाला, 'खुटी जात न्हाई तितं. दगडाला दोरी बांदायची.' मॅडम म्हणाल्या, मग पाहुणे त्या तंबूला कमी पैसे देतात का? अंगदने मॅडमकडून पेन मागून घेतलं. मग संमतीच्या पत्रावर सही केली. सही करताना माझ्याकडे बघितलं नाही. हे पत्र ऑगस्टमध्येच द्यायचं होतं, हे त्याला कळलं होतं.

सुट्टीनंतर शाळेने तिचा विज्ञानाचा पेपर परत घेतला. दोन भागांत, मधे थोडी मोकळीक, शिक्षकांच्या खोलीत बसवून. पास झाली. आकृत्यांना पैकीच्या पैकी. आता पहिल्या बाकावर बसते, रोज चिठ्ठी आणते, मधूनच उठून फळा पुसते. पोरींनी बोट दाखवलं का, म्हणून विचारलं, तर म्हणते, 'दोघीजनी म्हनत्यात, आमालाबी चिठ्ठी द्या.' एवढ्याच भीतीपायी मी सगळं अडवून धरलं होतं.

दप्तर आता ती भरते. मी खुर्चीवर हाताची घडी घालून बसते. तिचा हात भलत्याच वहीकडे गेला की माझा जीव वरखाली होतो, पण उठत नाही. दारामागचा माझा लाल चौकटीचा कागद फाडला.

पदराचं तू लिहिलंस. मला आठवत नव्हतं, खरंच नव्हतं. म्हणून जास्त लागलं. आणि त्यावर तुझी माफी मागितली की तू 'जाऊ द्या ताई' म्हणशील, म्हणून मागत नाही.

एक राहिलं. ते कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या पेपरानंतर मी ओढणीला हात लावला नव्हता. दिवाळीत धनू तुझ्याकडे होती, तेव्हा तिची शाळेची ओढणी इथे हँगरवर होती. डाव्या टोकाला, घरच्या बाजूला, एक गाठ राहिली होती. घट्ट, मोठी. ती परत आली, शाळा सुरू झाली, बाकीच्या गाठी रोज यायच्या, रोज ती स्वतः सोडवायची. ती एक मात्र, तिने ओढणी धुतली तरी, तशीच. मला वाटलं, विसरली असेल. विचारायचा धीर होत नव्हता.

काल तिने आपणहून ओढणी माझ्यापुढे टाकली. म्हणाली, 'इस्त्री कर ना आत्या, पार बोळा झालाय. टोकं सोड फक्त.' मी इस्त्री गरम केली आणि हिय्या करून विचारलं, 'ही कशाची गं? किती दिवसांची आहे.'

ती म्हणाली, 'ही व्हय? पेपर बुडाला त्या दिवशी मारली. आत्यावर रागवायचं न्हाई, म्हनून.'

मी म्हटलं, 'मग आता सोडून टाक की.'

तिने ओढणीचं टोक हातात घेतलं, गाठ चाचपली आणि परत खाली ठेवलं. म्हणाली, 'नको. अजून येतो कदी कदी राग.'

मग ती तिच्या दप्तराकडे गेली, आणि मी त्या गाठीला धक्का न लावता बाकीच्या ओढणीवरून इस्त्री फिरवली.

तुझी,
पंकजाताई